सावली मंडळ, नोंदणी प्रलंबित

ऑगस्टात विद्यापीठात मंडळांची टेबलं लागली,
केगावच्या माळावर, मांडवाखाली, एका ओळीत.
वक्तृत्ववाल्यांनी विचारलं, बोलता येतं का?
नाटकवाल्यांनी विचारलं, रडता येतं का, ठरवून?
फोटोवाल्यांनी फक्त कॅमेरा विचारला.
मी प्रत्येक टेबलावरची एकेक लिमलेटची गोळी घेतली
आणि पुढं सरकले.
मला काय येतं?
आईशेजारी बसून तेंडूचं पान न बघता कापता येतं,
हजार विड्यांची मोजदाद चुकत नाही.
ते कुठल्या टेबलावर लिहायचं?

मग ऑक्टोबर.
बसथांब्याला पत्रा आहे,
पण दुपारी दोनला त्याची सावली
मागच्या गटारात पडते
आणि अडीचची बस तीनला येते.
डोक्यावर वही धरून मी तहेराला म्हटलं,
सावली कधी कुठं जाते
हे कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे.
ती म्हणाली, ठेव की.
स्थापना म्हणतात ती एवढीच झाली.

अर्जात होतं:
किमान अकरा सभासद, एक मार्गदर्शक प्राध्यापक,
उद्देश, तीन ओळींत.
हत्तुरे बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं,
"सावलीला मंडळ कशाला ओ?
झाडं लावा, फोटो काढा, जावा घरला."
झाडं लावणारे आहेत सर, मी म्हटलं,
गेल्या वर्षीचे खड्डेपण आहेत.
ते हसले नाहीत, पण अर्जावर पेपरवेट ठेवला.

तहेरा, मी, श्रीनिवास गड्डम,
महांतेश, ज्याला नावात क्लब हा शब्द हवाच होता
आणि त्यावरून जो चार दिवस बोलला नाही,
भूगोलाच्या तिघी, एकीनं तेलुगूत सही केलेली,
असे करत करत दहा.
अकरावा सापडेना.

तो पाण्याच्या टाकीखाली बसलेला होता, पहिल्यापासून.
एकटाच डबा खायचा, भिंतीला टेकून,
आणि दर दोन घासांनी वीतभर सरकायचा,
सावली सरकेल तसा.
मल्लिनाथ. त्याला तीन वर्षांचा अनुभव होता,
आम्हाला तीन आठवड्यांचा.
त्यानं विचारलं, सभेत बोलावं लागतं का?
म्हटलं, नाही. बसावं लागतं.
मग त्यानं पेन मागितलं.

वर्गणी दहा रुपये.
खर्च: खडूचे दोन डबे, एक दोनशेपानी वही.
टेप श्रीनिवासच्या वडिलांची,
चादरी मोजून मोजून झिजलेली,
पहिले सहा इंच नसलेली.
म्हणून आमच्या वहीत प्रत्येक आकड्याखाली
सहा इंच वजा.
ग्रंथालयाची पूर्व भिंत, सकाळी अकरा: कुणीच बसू शकत नाही.
परीक्षा विभागाचा जिना, दुपारी एक: चार जण, सडपातळ असतील तर.
टाकी, दुपारी दोन: एक.
त्या एकापुढं आम्ही नाव लिहिलं नाही.

नोव्हेंबरात दोघी गेल्या.
एकीला नाचात घेतलं,
दुसरीनं कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही,
अध्यक्षानं विचारायला पाहिजे होतं बहुतेक.
उरलो नऊ.
हत्तुरे बाबूंना हे कळवलेलं नाही.
अर्ज अजून पेपरवेटखालीच आहे.

डिसेंबरातला एक बुधवार. कुठल्या तरी समुद्रात वादळ
आणि आमच्याकडं नुसतं आभाळ,
दिवसभर राखाडी, थेंब नाही.
सभा क्रमांक चौदा.
टेप गुंडाळलेली, खडू डब्यात.
तहेरानं वहीत लिहिलं:
आज सावली नाही. उपस्थिती नऊ.

आता जायचं का, असं कुणीतरी म्हणेल
म्हणून मी वाट पाहिली.
मल्लिनाथनं डबा उघडला,
कडक भाकरी, शेंगाचटणी,
आणि मांडीवर न घेता मधोमध ठेवला.
तुकडे मोडायचा आवाज तेवढा होता.
महांतेशनं चटणी सांडली, तीही वेचून खाल्ली.
मल्लिनाथ शेवटपर्यंत एकाच जागी बसला होता.

अडीचची बस त्या दिवशी नेमकी अडीचला आली.
आम्ही ती जाऊ दिली.